एलएम ३८६ चा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घरी करताना: आराखडा, एचिंग, जोडणी आणि तपासणी

पहिला ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर एलएम ३८६ या आठ पायांच्या आयसीवर (एका चिपमध्ये बसवलेल्या सर्किटवर) करावा, असा रिवाज इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या मंडळींत फार वर्षांपासून आहे आणि तो योग्यच आहे. ही आयसी मूळची नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीची. २०११ मध्ये ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली, तरी आयसीचा क्रमांक आणि पायांची रचना बदललेली नाही. ती साधारण ४ ते १२ व्होल्टवर चालते, काहीही वाजत नसताना जेमतेम ४ मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि तिच्याभोवती मोजकेच सुटे भाग लागतात. असे असूनही तीच आयसी आणि तेच भाग घेऊन केलेल्या दोन बोर्डांपैकी एक स्वच्छ वाजतो आणि दुसरा गुणगुणतो, शिट्टी मारतो किंवा भक-भक करत राहतो. याचे कारण बहुतेक वेळा भागांच्या किमतीत नसून बोर्डावरील तांब्याच्या वाटा कशा आखल्या आहेत यात, आणि त्यातही ग्राउंडची, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी सामाईक, वाट कशी नेली आहे यात असते. म्हणून या लेखात एचिंग (बोर्डावरचे नको असलेले तांबे रसायनाने काढणे) आणि सोल्डरिंगच्या कृतीइतकीच जागा आराखड्याला दिली आहे.

सर्किटची रचना

आयसीची खाच वर ठेवून वरच्या बाजूने पाहिले, तर डावीकडे वरून खाली १, २, ३, ४ आणि उजवीकडे खालून वर ५, ६, ७, ८ असे पाय येतात. पाय १ आणि ८ गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढेल ते, ठरवतात, २ हा उलटा आणि ३ हा सुलटा इनपुट, ४ ग्राउंड, ५ आउटपुट, ६ पुरवठा आणि ७ बायपास. पाय १ आणि ८ मोकळे ठेवले तर गेन २० राहतो; त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला तर तो २०० होतो; त्याच कंडेन्सरच्या मालिकेत १.२ किलोओहमचा रेझिस्टर घातला तर सुमारे ५० मिळतो. मोबाइल, लॅपटॉप किंवा रेडिओचा आवाज मोठा करायचा असेल तर २० पुरेसा आहे. २०० चा गेन मायक्रोफोन किंवा गिटारच्या पिकअपसारख्या क्षीण सिग्नलसाठी राखून ठेवावा. विनाकारण वाढवलेला गेन आवाजाबरोबर सरसरही तितकीच वाढवतो. मात्र बोर्डावर या कंडेन्सरची भोके आणि पॅड (भोकाभोवतीचे तांब्याचे ठिपके) करून ठेवावेत, म्हणजे पुढे लागला तर बसवता येईल.

इनपुटकडे थोडे गणित आवश्यक आहे. ९ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरमध्ये ही आयसी वर-खाली साधारण ३ व्होल्टपर्यंत झेप घेते. गेन २० असेल तर त्यासाठी इनपुटला शिखरमूल्य केवळ १५० मिलिव्होल्ट लागते, आणि इनपुटवर कोणत्याही परिस्थितीत ४०० मिलिव्होल्टपेक्षा अधिक जाऊ नये अशी मर्यादा आयसीच्या माहितीपत्रकातच दिलेली आहे. हेडफोनच्या जॅकमधून मात्र सहज १ व्होल्टपर्यंत शिखरे येऊ शकतात. शिवाय मोबाइलचे डावे आणि उजवे असे दोन आउटपुट थेट एकमेकांना जोडणे चूक आहे, कारण मग ते एकमेकांच्या विरोधात प्रवाह ढकलत राहतात. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे: दोन्ही वाहिन्यांत प्रत्येकी ४७ किलोओहमचा रेझिस्टर घालून त्यांची पुढची टोके एकत्र करावीत, तिथून ०.४७ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कंडेन्सर घ्यावा आणि तो १० किलोओहमच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या, म्हणजे पॉटच्या (पोटेन्शिओमीटरच्या), वरच्या टोकाला जोडावा. दोन्ही वाहिन्यांवर १ व्होल्ट आला तरी पॉटवर सुमारे ०.३ व्होल्टच पोहोचतो, म्हणजे आवाज पुरेसा मिळतो आणि आयसीही सुरक्षित राहते. पॉटचा मधला पाय आयसीच्या पाय ३ ला, खालचा पाय ग्राउंडला, आणि आयसीचा पाय २ ही ग्राउंडला जोडावा. पाय ३ आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर टाकल्यास रेडिओ लहरींचा उपद्रव कमी होतो.

आउटपुटचा पाय ५ स्वतःहून पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर थांबतो, त्यामुळे त्याला स्पीकर थेट जोडता येत नाही. मध्ये कंडेन्सर हवाच. या कंडेन्सरचे मूल्य खर्ज किती खाली जाईल ते ठरवते. ८ ओहमच्या स्पीकरबरोबर २२० मायक्रोफॅरड घेतला तर सुमारे ९० हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो, ४७० घेतला तर ती सीमा ४२ हर्ट्झवर येते. ४७० घ्यावा, किमतीत फारसा फरक नसतो. पाय ५ पासून ग्राउंडपर्यंत १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मालिकेत जोडावा. ही जोडी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर आयसीला स्थिर ठेवते. ती नसली तरी सर्किट वाजते, म्हणून अनेक जण ती गाळतात आणि मग आयसी गरम का होते याचा शोध घेत बसतात.

पुरवठ्याच्या बाजूला पाय ६ आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७० मायक्रोफॅरडचा एक मोठा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक छोटा कंडेन्सर, पाय ७ पासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, आणि बॅटरीच्या धन तारेत १एन५८१९ हा शॉटकी डायोड असावा. सेल उलटे बसवले गेले तर हा डायोड आयसी वाचवतो, आणि त्याची किंमत म्हणून सुमारे ०.३ व्होल्टच घेतो.

सामानाची खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकाने या सामानासाठी परिचित आहेत. इतर गावांत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचे सामान विकणाऱ्याकडे यातील बहुतेक वस्तू मिळतात, आणि ऑनलाइन तर सगळेच मिळते. आयसी घेताना क्रमांकाच्या शेवटी एन-१, एन-३ की एन-४ आहे ते पाहावे: पहिल्या दोन १२ व्होल्टपर्यंतच चालतात, एन-४ ही १८ व्होल्टपर्यंत. ९ व्होल्टच्या आपल्या कामाला यातील कोणतीही चालते. आयसीबरोबर आठ पायांचा आयसी बेस (आयसी सोल्डर न करता बसवण्याचा साचा) अवश्य घ्यावा.

पॉट मागताना ‘लॉग’ असा स्पष्ट उल्लेख करावा. त्यावर बहुधा ‘ए १० के’ अशा अर्थाची खूण असते. ‘बी’ लिहिलेला पॉट लिनियर असतो आणि त्यात सगळा आवाज पहिल्या पाव फेरीतच वाढल्यासारखा वाटतो. सिरॅमिक आणि पॉलिस्टर कंडेन्सरवर मूल्याऐवजी सांकेतिक अंक असतात: ४७१ म्हणजे ४७० पिकोफॅरड, १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, ४७३ म्हणजे ०.०४७ आणि ४७४ म्हणजे ०.४७. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर १६ किंवा २५ व्होल्टचे घ्यावेत. स्पीकर ८ ओहमचा, निदान १ वॉटचा आणि शक्य असल्यास चार इंची घ्यावा. खेळण्यांतला दोन इंची स्पीकर कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरला बदनाम करतो.

बोर्डासाठी एका बाजूला तांबे असलेला १.६ मिमी जाडीचा कॉपर क्लॅड लागतो. हिरवट, काचतंतूंचा एफआर-४ टिकाऊ असतो. तपकिरी कागदी बोर्ड स्वस्त असतो आणि त्याला भोके सहज पडतात, पण जास्त वेळ तापवला तर त्याचे तांबे उचलले जाते. नवशिक्याच्या हाताला सोल्डरिंगमध्ये वेळ लागतोच, त्यामुळे चार पैसे जास्त देऊन एफआर-४ घ्यावा असे माझे मत आहे. ५ सेमी बाय ७ सेमीचा तुकडा पुरेसा होतो. ज्यांना रसायन हाताळायचे नसेल त्यांनी हेच सर्किट झिरो पीसीबीवर (आधीच भोके पाडलेल्या तयार बोर्डावर) करण्यास हरकत नाही. पुढील भागातील ग्राउंडचे नियम तिथेही तसेच लागू पडतात, फक्त तांब्याच्या ट्रॅकऐवजी जाड तार वापरावी लागते.

आराखडा, म्हणजे खरे काम

कागदावरील सर्किटमध्ये ग्राउंडची सर्व चिन्हे सारखीच दिसतात आणि ती एकाच बिंदूवर असल्याचे आपण गृहीत धरतो. बोर्डावर तसे नसते. बोर्डावरचे तांबे साधारणपणे ३५ मायक्रॉन जाड असते. १ मिमी रुंद आणि ५ सेमी लांब ट्रॅकचा रोध त्यामुळे सुमारे २५ मिलिओहम होतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण स्पीकरमधून २०० मिलिअँपिअरचा प्रवाह परत येत असेल, तर या ट्रॅकच्या दोन टोकांमध्ये ५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. आता समजा इनपुटचे ग्राउंड या ट्रॅकच्या दूरच्या टोकाला जोडलेले आहे. मग हे ५ मिलिव्होल्ट मूळ सिग्नलमध्ये मिसळून पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरतात. गेन २० असताना तेवढ्या प्रवाहासाठी मूळ इनपुट ८० मिलिव्होल्ट असते, म्हणजे भेसळ सहा टक्क्यांच्या आसपास होते. गेन २०० केला तर मूळ इनपुट ८ मिलिव्होल्टच उरते आणि त्यात ५ मिलिव्होल्टची भेसळ! त्यात एखादा कच्चा सांधा किंवा बॅटरीच्या डब्यातली गंजलेली स्प्रिंग भर घालते, आणि आउटपुट स्वतःलाच इनपुट देऊ लागते. शिट्टी ऐकू येते ती अशी.

यावरून नियम निघतो तो असा: ज्या तांब्यातून स्पीकरचा प्रवाह जातो त्या तांब्यावर इनपुटचे ग्राउंड कधीही टेकवू नये. पुरवठ्याच्या मोठ्या कंडेन्सरचा ऋण पाय आयसीच्या पाय ४ च्या अगदी शेजारी ठेवावा आणि दोघांना रुंद तांब्याने जोडून तो बोर्डाचा मध्यबिंदू मानावा. बॅटरीची ऋण तार, स्पीकरची परतीची तार, १० ओहमच्या जोडीचे खालचे टोक आणि पाय ७ चा कंडेन्सर यांच्या वाटा स्वतंत्रपणे या बिंदूवर याव्यात. इनपुटचे ग्राउंड, म्हणजे जॅकचे आवरण, पॉटचा खालचा पाय, ४७० पिकोफॅरडचा कंडेन्सर आणि आयसीचा पाय २, यांचे आपापसांत एक वेगळे छोटे बेट करावे आणि ते एकाच ट्रॅकने, एकाच ठिकाणी, मध्यबिंदूला जोडावे. गावातील सांडपाण्याची वाट आणि विहिरीची वाट जशी वेगळी ठेवतात, तसाच हा विचार आहे.

एलएम ३८६ च्या पायांची मांडणी या कामी आपल्याला मदतच करते. इनपुटचे पाय डावीकडे आहेत, पुरवठा आणि आउटपुट उजवीकडे. म्हणून इनपुटचे सर्व भाग आयसीच्या डाव्या बाजूला, आउटपुटचा कंडेन्सर आणि स्पीकरचे कनेक्टर उजवीकडे, आणि ग्राउंडचा मध्यबिंदू आयसीच्या खालच्या अंगाला ठेवला की ट्रॅक एकमेकांना फारसे आडवे येत नाहीत. एखादा आलाच तर वरच्या बाजूने तारेचा जंपर द्यावा. त्यात कमीपणा काही नाही. ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर पाय ६ आणि ४ यांच्या जितका जवळ येईल तितका चांगला. वरून जागा मिळत नसेल तर तो बोर्डाच्या तांब्याच्या बाजूने थेट या दोन पायांवर सोल्डर करता येतो, आणि मला तीच पद्धत अधिक पसंत आहे.

ट्रॅकची रुंदी सिग्नलसाठी १ मिमी आणि पुरवठा, आउटपुट व ग्राउंडसाठी ३ मिमी किंवा त्याहून जास्त ठेवावी. पॅड २ मिमीपेक्षा लहान नको, कारण घरच्या ड्रिलने भोक थोडे सरकतेच. रिकामी जागा काढून टाकण्याऐवजी तिथे ग्राउंडचे तांबे राहू द्यावे. रोधही घटतो आणि एचिंगचे रसायनही कमी खर्च होते. मात्र इनपुटचे बेट आणि बाकीचे ग्राउंड यांच्यात फट राहिली पाहिजे. आराखडा काढण्यासाठी किकॅड हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण एवढ्या लहान बोर्डाला २.५४ मिमीच्या चौकटींचा कागद आणि पेन्सिलही पुरते. आयसीचे शेजारचे दोन पाय २.५४ मिमी अंतरावर आणि दोन रांगा ७.६२ मिमी अंतरावर असतात.

आरशातल्या प्रतिमेचा प्रश्न

भाग वरच्या बाजूला बसतात आणि ट्रॅक खाली असतात, त्यामुळे बोर्ड उलटा करून पाहिला की डावे-उजवे बदलते. वरून पाहताना आयसीचे पाय घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजले जातात, तांब्याकडून पाहताना काट्यांच्या दिशेने. कागदावरील टोनर तांब्यावर इस्त्रीने उतरवताना चित्र आपोआप एकदा उलटते, म्हणून त्या पद्धतीत वरून पाहिल्यासारखा, न उलटलेला आराखडा छापायचा असतो. याउलट, मार्करने तांब्यावर थेट रेखाटणाऱ्याने आराखडा आधी उलटून घेतला पाहिजे. खात्रीसाठी छापण्यापूर्वी पाय १ शेजारी आकडा लिहून ठेवावा आणि तयार तांब्यावर ‘१, २, ३, ४, ५’ हे पाय काट्यांच्या दिशेने फिरतात ना, हे एकदा बोटाने मोजावे.

टोनर उतरवणे

यासाठी लेसर प्रिंटच लागतो. लेसर प्रिंटर किंवा झेरॉक्स यंत्रातील टोनर ही प्लॅस्टिकची भुकटी असते, ती उष्णतेने वितळून तांब्याला चिकटते आणि रसायनापासून ते झाकून ठेवते. इंकजेटची शाई हे काम करत नाही. झेरॉक्सच्या दुकानात मासिकाच्या गुळगुळीत, पातळ कागदावर किंवा ग्लॉसी कागदावर शंभर टक्के आकारात, सर्वांत गडद छपाई करून घ्यावी. कागद पानात ‘फिट’ करण्याचा पर्याय बंद असल्याची खात्री करावी. आयसी बेस छापील पॅडवर ठेवून पाहिला की आकार बरोबर आला की नाही ते लगेच समजते.

तांबे चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली हलके घासावे, कोरडे करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि त्यानंतर पृष्ठभागाला बोट लावू नये. छापील बाजू तांब्यावर ठेवून, वाफ बंद केलेल्या आणि सुती कपड्याच्या तापमानावर ठेवलेल्या इस्त्रीने प्रथम अर्धा मिनिट न हलवता दाबावे, मग तीन ते चार मिनिटे कडांसह सगळीकडे दाब देत फिरवावे. बोर्ड आपोआप थंड झाला की कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावा आणि कागद अंगठ्याने चोळून काढावा, ओढू नये. ट्रॅक तुटलेले दिसले तर पर्मनंट मार्करने दोनदा गिरवावेत. निम्म्याहून अधिक टोनर निघून आला असेल तर डागडुजी करण्यात वेळ घालवू नये. थिनरने सगळे पुसून पुन्हा सुरुवात करणे सोपे जाते.

एचिंग

फेरिक क्लोराइड तांब्याचे विद्राव्य कॉपर क्लोराइडमध्ये रूपांतर करते आणि टोनरखालचे तांबे तेवढे शिल्लक राहते. हे रसायन कपडे, फरशी आणि सिंक यांच्यावर पिवळट-तपकिरी डाग पाडते, धातूच्या भांड्यांना खाते आणि डोळ्यांना घातक असते. म्हणून काम बाल्कनीत किंवा खिडकीपाशी, जुन्या वर्तमानपत्रावर, रबरी हातमोजे आणि चश्मा घालून करावे. भांडे प्लॅस्टिकचे असावे आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये. लहान मुले आणि पाळीव प्राणी दूर ठेवावेत. भुकटी किंवा खडे पाण्यात थोडेथोडे टाकावेत. खड्यांवर पाणी ओतू नये, कारण विरघळताना बरीच उष्णता निर्माण होते.

द्रावण गडद चहाच्या रंगाचे झाले की त्याचे भांडे गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवावे. सुमारे ४० अंश सेल्सिअसला काम वेगाने होते. थेट गॅसवर तापवू नये. बोर्ड तांब्याची बाजू वर ठेवून सोडावा आणि भांडे सतत हलके डोलवत राहावे, म्हणजे पृष्ठभागावर ताजे द्रावण येत राहते. ताज्या द्रावणात पंधरा ते तीस मिनिटे लागतात. कडांकडील तांबे आधी जाते आणि मधले शेवटी. मधले गेले की बोर्ड लगेच बाहेर काढावा, कारण त्यानंतर द्रावण टोनरच्या खालून बारीक ट्रॅक पोखरू लागते. भरपूर पाण्याने धुऊन टोनर अ‍ॅसिटोन किंवा थिनरने पुसून टाकावा.

उरलेले द्रावण पुन्हा वापरता येते. प्लॅस्टिकच्या बाटलीत, ठळक नाव लिहून, कुलूपबंद ठेवावे. ते निकामी झाले की नाल्यात किंवा शौचालयात ओतू नये, कारण त्यातले तांबे पाण्यातील जिवांना विषारी असते. मोठ्या बादलीत त्यात धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाकावा, फेस येणे थांबेपर्यंत. तळाशी बसलेला गाळ वाळवून बंद पिशवीत घालावा आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा.

भोके आणि सोल्डरिंग

आयसी बेस, रेझिस्टर आणि लहान कंडेन्सर यांना ०.८ मिमीचे, तर डायोड, कनेक्टर आणि जाड तारांना १ मिमी किंवा थोडे मोठे भोक लागते. एफआर-४ ची भुकटी काचेची असते. मास्क लावावा आणि भुकटी फुंकण्याऐवजी ओल्या कापडाने पुसावी. भोके पडल्यावर बोर्ड उजेडासमोर धरून दोन ट्रॅकमध्ये तांब्याचा केसासारखा धागा राहिला नाही ना ते पाहावे आणि मल्टिमीटरच्या कंटिन्युइटी बीपने शेजारचे ट्रॅक तपासावेत. पुरवठा आणि ग्राउंड यांच्यात बीप वाजली तर पुढे जाऊ नये. यानंतर ट्रॅकना राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावून सोल्डरचा पातळ थर दिला तर तांबे काळे पडत नाही.

सोल्डर गन २५ वॉटची, बारीक टोकाची पुरते. तापमान बदलता येणारी असेल तर ३२० ते ३५० अंशांवर ठेवावी. ६०/४० चे सोल्डर १८३ अंशांपासून वितळू लागते. टोक पॅडला आणि पायाला एकाच वेळी टेकवावे, एक-दोन सेकंदांनी सोल्डर सांध्याला लावावे, टोकाला नव्हे. ते पसरले की आधी सोल्डर आणि मग गन काढावी. सांधा चकचकीत आणि पायथ्याशी पसरट दिसला पाहिजे. गोळ्यासारखा किंवा मंद करडा दिसणारा सांधा म्हणजे ड्राय सोल्डर. त्यावर नवा फ्लक्स लावून पुन्हा तापवावे. सोल्डरमध्ये शिसे असते, त्यामुळे काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि काम सुरू असताना काही खाऊ नये.

बुटके भाग आधी, उंच नंतर: जंपर, रेझिस्टर, डायोड, आयसी बेस, सिरॅमिक आणि पॉलिस्टर कंडेन्सर, शेवटी इलेक्ट्रोलिटिक. इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरील पट्टा ऋण पाय दाखवतो. आउटपुटच्या कंडेन्सरचा धन पाय आयसीच्या पाय ५ कडे, बायपासचा पाय ७ कडे, आणि पुढे कधी बसवलात तर गेनच्या कंडेन्सरचा पाय १ कडे येतो. डायोडची पट्टी असलेली बाजू आयसीकडे असते. ४७ किलोओहमचे रंग पिवळा, जांभळा, नारिंगी. १० ओहमचे तपकिरी, काळा, काळा. जॅकपासून बोर्डापर्यंत आणि पॉटपर्यंत शिल्डेड (जाळीचे आवरण असलेली) तार वापरावी, आणि पॉटचे धातूचे अंग इनपुटच्या ग्राउंडला जोडावे. आयसी अजून बेसमध्ये बसवू नये.

पहिली तपासणी

पुरवठ्यासाठी सहा पेन्सिल सेलचा डबा घ्यावा. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी चालते खरी, पण तिचा अंतर्गत रोध जास्त असतो आणि ती उतरू लागली की प्रत्येक ठेक्याला व्होल्टेज कोसळते. मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्टही आयसीला पुरेसे असतात, परंतु स्वस्त चार्जरचा स्विचिंगचा कर्कश आवाज स्पीकरमध्ये उतरतो, म्हणून तपासणी सेलवरच करावी. घरातील २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरविना केलेला पुरवठा या बोर्डाला कधीही जोडू नये. तो जिवाला धोकादायक आहे.

पहिल्या वेळी धन तारेत २२० ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडावा. कुठे शॉर्ट असलेच, तर प्रवाह सुमारे ४० मिलिअँपिअरवर थांबतो आणि काही जळत नाही. आयसीशिवाय बेसच्या पाय ६ आणि ४ मध्ये ८.५ ते ९ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे आणि पाय २ व ३ वर शून्य. तसे असेल तर सेल काढावेत, मोठा कंडेन्सर रिता होऊ द्यावा, खाच पाहून आयसी बसवावी आणि पुन्हा सेल जोडावेत. आता त्या २२० ओहमच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजावे: १ व्होल्टच्या आसपास आले तर आयसी ४ ते ५ मिलिअँपिअर घेत आहे, म्हणजे सगळे ठीक. पाय ५ वर पुरवठ्याच्या साधारण निम्मे व्होल्टेज हवे. हे एकच माप इतके बोलके आहे की मी ते झाल्याशिवाय स्पीकर जोडण्याचा सल्ला कोणालाही देत नाही. मग रेझिस्टर काढून स्पीकर जोडावा, पॉट शून्यावर ठेवून सिग्नल द्यावा आणि हळूहळू आवाज वाढवावा. सुरू करताना येणारा एक ‘थप’ कंडेन्सर भरल्याचा असतो. त्यात दोष नाही.

दोष शोधताना

पाय ५ निम्म्यावर आहे पण आवाज नाही, असे असेल तर पाय ३ ला पॉट पूर्ण उघडा ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या धातूने स्पर्श करावा. घरघर ऐकू आली तर आयसीपासून स्पीकरपर्यंत सर्व ठीक आहे आणि दोष जॅक, ४७ किलोओहमचे रेझिस्टर किंवा पॉटच्या सांध्यात आहे. पाय ५ शून्याला किंवा पुरवठ्याला चिकटलेला असेल तर बहुधा शेजारच्या पायांमध्ये सोल्डरचा पूल झालेला असतो.

सिग्नल नसताना आयसी गरम होत असेल आणि प्रवाह दहा-वीस मिलिअँपिअरच्या पुढे जात असेल, तर ती ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर आंदोलन करत आहे. १० ओहमची जोडी आणि पाय ६ जवळचा छोटा कंडेन्सर यांचे सांधे पुन्हा करावेत. संथ भक-भक येत असेल तर सेल उतरलेले असतात किंवा पुरवठ्याचा मोठा कंडेन्सर मध्यबिंदूपासून दूर असतो. पॉटच्या दांड्याला हात लावल्यावर गुणगुण कमी होते, याचा अर्थ पॉटचे अंग ग्राउंडला जोडलेले नाही. आवाज वाढवल्यावरच शिट्टी येते आणि इनपुटची तार आउटपुटच्या तारेपासून दूर धरली तरी जात नाही, तेव्हा इनपुटचे ग्राउंड कुठेतरी स्पीकरच्या परतीच्या वाटेवर टेकलेले असते. तो ट्रॅक कटरने कापून मध्यबिंदूपर्यंत वेगळी तार टाकावी. जवळ ठेवलेल्या मोबाइलमुळे येणारी ‘ट्रर-ट्रर’ २जी नेटवर्कच्या सेकंदाला सुमारे २१७ स्पंदनांची असते. ४७० पिकोफॅरडचा कंडेन्सर पाय ३ च्या अगदी जवळ असेल तर ती बरीच कमी होते.

पेटी

उघडा स्पीकर कितीही चांगला असला तरी त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या लहरी एकमेकींना मिटवतात आणि खर्ज नाहीसा होतो. प्लायवूडची किंवा जाड पुठ्ठ्याची बंद पेटी करून, आत थोडा कापूस भरून स्पीकर समोर घट्ट बसवला की या आयसीचा सुमारे अर्धा वॉटही खोलीभर पुरतो. बोर्ड स्पीकरच्या चुंबकापासून लांब, स्पेसरवर बसवावा. पेटी धातूची असेल तर तिचा ग्राउंडशी संबंध एकाच ठिकाणी, इनपुटच्या जॅकपाशी, येऊ द्यावा आणि स्पीकरचे कनेक्टर पेटीपासून अलग ठेवावेत. नाहीतर बोर्डावर मन लावून वेगळ्या केलेल्या दोन वाटा पेटीच्या पत्र्यातून पुन्हा एकत्र होतात. सेलचा डबा बाहेरून उघडता येईल असा ठेवावा. मोठ्या आवाजात शब्द फाटू लागले आणि वाजत असताना डब्यावरचे व्होल्टेज ६ च्या खाली उतरत असेल, तर सहाही सेल एकदमच बदलावेत. जुने आणि नवे सेल एकत्र घातल्यास जुने लवकर गळू लागतात.